कशावरून? : बिबट्या राहतो कुठे?



गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक गंमत झाली. गंमत म्हणायची की तक्रार, ते तुम्हीच ठरवा.

इथे राजगुरुनगरात आमच्या शेजारी चौथीतला एक मुलगा राहतो. दिवेलागणीच्या वेळेला तो वही घेऊन तणतणत आला. परिसर अभ्यासाच्या चाचणीत रिकाम्या जागा भरायच्या होत्या. ‘मासा ____ राहतो.’ ‘पाण्यात’, बरोबर. ‘चिमणी ____ राहते.’ ‘घरट्यात’, बरोबर. ‘बिबट्या ____ राहतो.’ पठ्ठ्यानं लिहिलं होतं, ‘उसात’. आणि त्याच्यावर ही मोठी लाल फुली!

“काका, पुस्तकात ‘जंगलात’ लिहिलंय म्हणे. मग आमच्या आजीच्या वस्तीवर येतो तो कोण? आजी तर दिवस मावळायच्या आत शेळ्या आत घेते. तिथं जंगल कुठंय? सगळा ऊसच आहे!”

तुम्ही माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं? “बाईंचं बरोबर” की “तुझं बरोबर”? मी दोन्ही सांगितलं नाही. मी त्याला या सदराचा नेहमीचा प्रश्न विचारला : कशावरून?

तो जरा गोंधळला. मग बोटं मोजत म्हणाला, “ओल्या बांधावर पंजाचे ठसे होते. आजीचा कुत्रा गेला. आणि गेल्या वर्षी ऊसतोड चालू असताना फडात बछडी सापडली, ती मी स्वतः बघितली.”

बघा हं, तीन पुरावे झाले. आणि ‘जंगलात’ या उत्तराचा पुरावा काय? तर पुस्तकात आहे. पुस्तकात कशावरून? आधीच्या पुस्तकात होतं म्हणून! आता पुस्तकं चुकीचीच असतात असं मुळीच नाही बरं का. त्यातलं बहुतेक सगळं कुणीतरी खपून, तपासून लिहिलेलं असतं. पण मधूनच एखादी गोष्ट अशी निघते, की ती ‘सगळ्यांना माहीतच असते’, म्हणून कुणी तपासायलाच जात नाही. मग एखादा संशोधक उठतो, तिथे जाऊन बघतो, आणि वर्षानुवर्षांची समजूत कोलमडते.

आज अशा तीन समजुती बघू. तिन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या. एक पायाखालच्या दगडाची, दुसरी माळावरच्या गवताची आणि तिसरी आपल्या बिबटोबांची. त्या मुलाला किती गुण द्यायचे, ते शेवटी ठरवू.

समजूत पहिली : दख्खनचा दगड हलत नाही

आमच्या भागात विहीर खणायला घेतली की आधी थोडी माती लागते, मग मुरूम आणि मग काळा कातळ. उन्हाळ्यात भीमेचं पाणी आटलं की पात्रातही तोच उघडा पडतो. हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि थंड होऊन त्यांचा हा दगड झाला. सह्याद्रीच्या कड्यांवर ते थर पायऱ्यांसारखे दिसतात.

इतका जुना, इतका जाड आणि इतका टणक दगड. तो कशाला हलतोय? भूकंप व्हायचे ते हिमालयात, आसामात, कच्छात. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूभाग. पिढ्यान् पिढ्या मुलांनी भूगोलात हेच पाठ केलं.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट उजाडली. कोयनानगरला ६ हून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. सगळ्यांनाच धक्का बसला, पण पुष्कळांनी मनाची समजूत घातली : इथे मोठं धरण आहे म्हणून झालं, बाकीचं पठार भक्कमच आहे.

ही समजूत पुढे फार महाग पडली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावं हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या थरांची जड माळवदं. ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. तुमच्या आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा. त्या सकाळी रेडिओवर ऐकलेल्या बातम्या ते अजून विसरलेले नसतील.

आता ऐका. त्या वेळी भारताच्या भूकंपाच्या नकाशात धोक्याप्रमाणे पाच विभाग केलेले होते, आणि किल्लारी होती पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या! आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, तिथल्या लोकांना लहान लहान धक्के जाणवले होते. जमीन सांगत होती, पण ‘इथे भूकंप होत नाही’ हे सगळ्यांना आधीच माहीत होतं ना! जिथे भूकंप होतच नाही, तिथे भूकंपात टिकणारी घरं कोण बांधणार?

२००२ साली नवा नकाशा आला, त्यात तो पहिला विभागच काढून टाकला. ‘इथे घाबरायचं कारण नाही’ असं म्हणावं असा एकही तुकडा नकाशात उरला नाही. म्हणजे एका समजुतीनं पुस्तकातून रजा घेतली, पण केवढी किंमत घेऊन!

शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहीत. कोयनेला १९६७ नंतरही धक्के बसतच राहिले, आणि पावसाळ्यात धरण भरल्यावर ते वाढतात असं हर्ष गुप्ता आणि इतर भूकंपशास्त्रज्ञांनी नोंदी ठेवून दाखवलं. धरणाचं पाणी खोल भेगांमध्ये मुरतं. दोन दगड एकमेकांवर घट्ट दाबून ठेवलेत आणि मध्ये पाणी शिरलं, तर त्यांची पकड ढिली होते ना? तसंच काहीसं. मुळात खडकात ताण साठलेला असतो. पाण्याच्या दाबानं पकड ढिली झाली की खडक सरकतो.

पण हे वरून बसून सांगायचं, की खाली जाऊन बघायचं? म्हणून केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानं कऱ्हाडला प्रयोगशाळा उभारली आणि कोयनेजवळ गोठणे इथे जमिनीत जवळजवळ ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. २०१७ साली ते काम पुरं झालं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर आपला काळा बेसाल्ट, आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइट. कोयनेच्या त्या खोल दगडांमध्ये आणखी एक नवल निघालं : सूक्ष्म जीव! ऊन नाही, वारा नाही, तरी दगडाच्या बारीक फटींमध्ये ते तग धरून होते. म्हणजे ‘दगड हलत नाही’ हे गेलंच, आणि ‘दगडात कोण राहणार’ हेही गेलं.

समजूत दुसरी : माळ म्हणजे मेलेलं जंगल

आता दगडावरून वर येऊ. आमचा खेड तालुका मोठा मजेदार आहे. पश्चिमेला भीमाशंकरचं अभयारण्य. तिथे पावसाळ्यात समोरचा माणूस दिसणार नाही असं धुकं आणि दाट झाडी, तिच्यात आपला राज्यप्राणी शेकरू. तिथून पूर्वेकडे निघालं की पाऊस कमी कमी होत जातो. राजगुरुनगर ओलांडून शिरूरकडे गेलं की माळ लागतात. पिवळं गवत, मधूनच बाभूळ, हिवर, बोर. पुढे बारामती, इंदापूर, सोलापूरकडे तर असे माळ किती तरी.

अशा माळाकडे बघून मोठी माणसं हळहळतात : “अरेरे, किती उजाड! पूर्वी इथे घनदाट जंगल असणार, माणसानं तोडलं.” तुम्हीही म्हटलं असेल. जुलै महिन्यात शाळेतून माळावर खड्डे खणायला गेला असाल, रोपं लावली असतील, प्रभातफेरी काढली असेल.

ही समजूत नवी नाही. इंग्रजांच्या काळी वनखात्याचे साहेब आले. त्यांना लाकूड हवं होतं. जिथे झाडं दाट नाहीत ती जमीन त्यांच्या हिशेबी बिघडलेली, नाही तर पडीक. तो शब्द सरकारी दप्तरात बसला तो बसलाच.

कशावरून? तिथे पूर्वी खरंच जंगल होतं का? सातशे वर्षांपूर्वीचा फोटो तर कुणाकडे नाही. मग कसं कळणार?

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन मराठी संशोधकांनी एक भन्नाट युक्ती काढली. त्यांनी दुर्बीणही घेतली नाही आणि कुदळही. त्यांनी जुनं मराठी साहित्य उघडलं! संतांच्या कथा, जुनी काव्यं, जात्यावरच्या ओव्या, लोकगीतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांविषयी त्यात जिथे जिथे रानातल्या झाडाझुडपांचा उल्लेख येतो, तिथे ते थांबले आणि नाव टिपून घेतलं. अशी ४४ रानवनस्पतींची नावं मिळाली.

आता यातली खरी मेख समजून घ्या. ओवी गाणाऱ्या बाईला काही वनस्पतिशास्त्राचा धडा द्यायचा नव्हता. ती आपल्या भावाची, विठ्ठलाची, सासरच्या वाटेची गोष्ट सांगत होती. वाटेत बाभळ होती म्हणून बाभळ आली. असा सहज बोलून जाणारा साक्षीदार फार मोलाचा, कारण त्याला काही सिद्ध करायचं नसतं.

आणि झाडंही साक्ष देतात. बाभळीला, हिवराला, तरटीला भरपूर ऊन लागतं. दाट जंगलाच्या सावलीत ती वाढायची नाहीत. शिवाय त्यांना काटे! काटे कशाला? चरणारी जनावरं ओरबाडू नयेत म्हणून. म्हणजे जिथे ही झाडं, तिथे मोकळं आकाश आणि चरणारे कळप असणार. त्या ४४ नावांपैकी २७ नावं अशा उघड्या, गवताळ रानातली निघाली. थोडीथोडकी नाही, जवळजवळ दोन तृतीयांश. आणि सर्वांत जुने उल्लेख होते सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचे. इंग्रज तर सोडाच, शिवाजी महाराजांच्याही कितीतरी आधीचे. हे संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ झाडं लावू नयेत असा नाही हं! शाळेच्या आवारात लावा, रस्त्याच्या कडेला लावा, जिथे खरंच जंगल तुटलंय तिथे तर लावाच लावा. पण माळ दिसला की त्यावर खड्डे खणायचे, हे मात्र थांबून विचार करण्यासारखं आहे. माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, तणमोर यांचं ते घर. माळढोक पक्षी तर महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसाच झाला. आणि मेंढरं घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या धनगरांचं सगळं जगणंच या गवतावर. आपण चांगल्या मनानं रोपं लावायची आणि कुणाचं तरी घरच झाकून टाकायचं, असं व्हायला नको.

समजूत तिसरी : बिबट्याला जंगलात सोडलं की झालं

आता आलो आपल्या फुलीपाशी.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर. हे चार तालुके म्हणजे आमचा जुन्नर वनविभाग. कुकडीची धरणं झाली, डिंभ्याचं झालं, चास-कमानचं झालं. पाटाला पाणी आलं आणि पाण्यामागून ऊस आला. ऊस म्हणजे वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ उभं राहणारं, माणसाच्या डोक्यावर जाणारं दाट रान. आत गारवा, जवळ पाणी आणि आजूबाजूला वस्त्यांवरची कुत्री. बिबट्याला आणखी काय हवं?

पण तेव्हा सगळ्यांना ‘माहीत’ होतं, की बिबट्या जंगलातला. गावाजवळ दिसला म्हणजे वाट चुकला. मग सोपा उपाय : पिंजरा लावा, पकडा, जंगलात नेऊन सोडा. २००१ पासून जुन्नर भागात हे मोठ्या प्रमाणावर झालं. पकडलेले बिबटे सरासरी सुमारे ४० किलोमीटर दूर नेऊन सोडले गेले. लोकांनाही बरं वाटलं. कुणाचा हेतू वाईट नव्हता.

झालं काय? १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवायला लागल्यावर ते वर्षाला सरासरी १७ झाले! चारावरून सतरा. कमी व्हायच्या ऐवजी वाढले.

विद्या अत्रेय या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावायचं ठरवलं. पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली, म्हणजे पुन्हा सापडला तर हा कोण ते कळावं. हल्ले कुठे झाले, कधी झाले, आधी किती, नंतर किती, यांचा ताळा मांडला. तेव्हा दिसलं, की जिथे बिबटे नेऊन सोडले होते त्या भागांतच हल्ले वाढले होते.

का बरं? आता कल्पना करा : तुम्हाला कुणी रात्री उचललं, पिंजऱ्यात कोंडलं आणि अनोळखी गावात सोडून दिलं. पाणी कुठे, लपायचं कुठे, माणसं कुठून जातात, काही ठाऊक नाही. तुम्ही घाबराल, बिथराल आणि घरची वाट शोधाल. बिबट्याचंही तसंच काहीसं होतं.

‘आजोबा’ची गोष्ट ऐका. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक मोठा नर बिबट्या विहिरीत पडला. वर काढला, तेव्हा इतका शांत होता की त्याचं नावच ‘आजोबा’ पडलं. गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. स्वारी निघाली ती चालतच. डोंगर, हमरस्ते, रेल्वेचे रूळ, गावं ओलांडत १२० किलोमीटरवर थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचली! महिन्याभरात एवढं चालणं झालं, आणि वाटेत कुणा माणसाला ओरखडाही काढला नाही. पुढे २०११ च्या डिसेंबरात एका गाडीखाली आजोबा मेला. त्याची ओळख पटली ती त्या तांदळाएवढ्या चिपेमुळे. त्याच्यावर मराठी चित्रपटसुद्धा निघाला आहे.

पण सर्वांत मोठा धक्का दिला तो अकोल्यानं. विदर्भातलं अकोला नव्हे हं, नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधला, प्रवरेकाठचा अकोले तालुका. तिथे जंगल नसलेल्या, शेतीच्या भागात विद्याताईंच्या गटानं वाटावाटांवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे, प्रत्येकाचे वेगळे. त्यामुळे एकच बिबट्या दोनदा मोजला जात नाही. २०१३ साली निष्कर्ष छापून आले : दर १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ ५ मोठे बिबटे, आणि तेवढेच तरस!

जरा गणित करा. तिथे एका चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात. म्हणजे १०० चौरस किलोमीटरला तीस हजारांहून जास्त. तीस हजार माणसांच्या शेजारी पाच बिबटे मुक्कामाला, आणि बहुतेकांना रात्री ते दिसतही नाहीत. हे काही वाट चुकलेले पाहुणे नव्हेत. हे तिथलेच रहिवासी.

ते खातात काय? तेही तपासलं. कसं, ते सांगितलं तर तुम्ही नाक मुरडाल : त्यांची विष्ठा गोळा करून, धुऊन, आतले केस ओळखून! त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात पहिला नंबर कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या फक्त ११ टक्के. खरं तर त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! मग शेळ्या वाचल्या कशा? कारण शेळ्यांना रात्री गोठ्यात कोंडतात, दिवसा राखोळ्या असतो. कुत्री मोकळी हिंडतात. म्हणजे आपल्या मित्राची आजी दिवस मावळायच्या आत शेळ्या आत घेते, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बिबट्या उसात राहतो हे कळलं, म्हणून धोका संपला असं नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. ज्या घरातलं मूल जातं, त्या घराला आकडेवारी ऐकवून काय उपयोग? लोकांचा राग खोटा नाही. पुढे काय करावं, याचं एका ओळीचं उत्तर अजून कुणाकडेच नाही. पण एवढं नक्की : ‘जंगलातला पाहुणा आहे, हाकलला की जाईल’ असं धरून चालल्यानं चाराचे सतरा हल्ले झाले होते. शेजारी कोण राहतो ते आधी नीट कळलं, तरच त्याच्यापासून सांभाळून राहता येतं.

आणि हो, आपल्याही समजुती तपासूया. “वनखातं रात्री गाड्या भरभरून बिबटे आणून सोडतं” असं पारावर ऐकलं असेल. बिबटे हलवले गेले, हे वर सांगितलंच. पण आज उसात दिसणारा प्रत्येक बिबट्या कुणी आणून सोडला असं म्हणणाऱ्याला विचारा : कशावरून? उसाच्या फडातच बछडी जन्मतात. तोडीच्या वेळी ती सापडली तर वनखात्याची माणसं रात्री तिथेच पेटीत ठेवतात आणि दूर थांबतात. आई येते आणि एकेक उचलून घेऊन जाते. त्या पिल्लांना ऊस हेच आजोळ.

मग गुण किती?

तो मुलगा काल पुन्हा आला होता. म्हणाला, “काका, मी बाईंना तीन पुरावे सांगितले.” मी विचारलं, “मग?” बाई काही रागावल्या नाहीत. त्यांनी वर्गाला विचारलं, “कुणाकुणाच्या घराजवळ, शेताजवळ बिबट्या येऊन गेलाय?” अर्ध्याहून जास्त हात वर झाले. बाई थोडा वेळ नुसत्याच बघत राहिल्या म्हणे.

वहीतली लाल फुली अजून तशीच आहे. पण तिच्या शेजारी बाईंनी लिहिलंय : ‘जंगलातही आणि उसातही. पुरावे छान.’

तुमच्यासाठी उद्योग

वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा : ‘सगळे म्हणतात’, ‘कशावरून?’, ‘मी काय पाहिलं, कुणाला विचारलं’. आपल्या गावाविषयीच्या पाच समजुती लिहा आणि एकेक तपासा. सुरुवात गावाच्या नावापासून करता येईल. चिंचवडच्या नावात चिंच आणि वड दिसतात. बाभूळगाव, बोरगाव अशी नावंही पुष्कळ. तुमच्या वाडीच्या नावात कोणतं झाड आहे? आजीला विचारा, ते झाड अजून तिथे आहे का? मात्र नाव म्हणजे नुसता धागा. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

आणि बिबट्याचा पुरावा शोधायला उसात मुळीच जायचं नाही, ठसे दिसले तरीही! अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर बसायचं नाही, वाकून काम करायचं नाही. जाताना सोबत, बॅटरी आणि मोठ्यानं गप्पा. बछडं दिसलं तर हात न लावता मागे फिरायचं आणि मोठ्यांना सांगायचं. त्याची आई जवळच असते.

आई-बाबांना एक विनंती. मूल “कशावरून?” असं विचारेल तेव्हा “उलट बोलू नकोस” म्हणू नका. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि दोघं मिळून शोधा. आणि वस्तीवर राहत असाल तर शेळ्यांचा गोठा बंदिस्त करा, उरलंसुरलं खरकटं घराजवळ टाकू नका. खरकट्यामागून कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून कोण येतं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचे तीन रकाने भरून झाले की मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचा,
‘कशावरून’ काका